मडमचा वाटा

धुळ्यात आमच्या कॉलनीला लागून इंग्रजांचं मोठं कब्रस्तान होतं, असं मी सांगितलं की कुणीतरी मला हमखास दुरुस्त करतं. कब्रस्तानाला लागून कॉलनी होती असं म्हणा, ते आधीचं. बरोबर आहे. राणीच्या राज्यात ते आखलं तेव्हा साहेब लोकांनी सढळ हाताने जागा घेतली होती, पुढच्या पिढ्यांचीही सोय पाहिली होती. पण पुढच्या पिढ्या जिवंतपणीच बोटीत बसून परत गेल्या. निम्मी जागा तशीच राहिली, आणि तिच्यावर सरकारने दोन-दोन खोल्यांची घरं बांधून आमच्यासारख्यांना दिली. म्हणजे आमचं स्वयंपाकघर कुणातरी साहेबासाठी राखून ठेवलेल्या जागेत होतं. तो आला नाही, हे आमचं नशीब.

वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. मूळचे बोदवडकडचे, बदली होऊन धुळ्याला आले, आणि त्यांना अगदी शेवटच्या ओळीतलं घर मिळालं, कारण ते दुसरं कुणी घेत नव्हतं. स्वयंपाकघराची खिडकी थेट कब्रस्तानात उघडायची. खिडकीसमोरच एक संगमरवरी परी उभी होती. तिचं नाक कधीतरी पडलेलं होतं, म्हणून आम्ही पोरं तिला नकटी म्हणायचो. पहिलं वर्षभर आई खिडकीकडे पाठ करून पोळ्या लाटायची आणि त्या करपवायची. पुढे सवय झाली. आज भेंडी किती जून निघाली हे ती नकटीला सांगू लागली, तेव्हा वडील म्हणाले की आता आपण इथले झालो.

आम्ही पोरं तर पहिल्या दिवसापासून इथली होतो. कंपाउंडच्या भिंतीच्या विटा एका ठिकाणी ढासळल्या होत्या, तिथून पाय टाकला की आमचंच राज्य. सैनिकांच्या सारख्या उंचीच्या कबरी एका रांगेत होत्या, त्यांच्यावरून उड्या मारत जायचं. चिंचेच्या झाडाखाली एक उंच दगडी सुळका होता, त्याला शिवलं की राज्य सुटायचं. पलीकडच्या कोपऱ्यात लहान मुलांच्या कबरी होत्या, पटकीत गेलेली सगळी. तिथे आम्ही आरडाओरडा करायचो नाही. कुणी शिकवलं नव्हतं, पण करायचो नाही.

आमचं इंग्रजीही तिथलंच. शाळेत पाचवीपासून इंग्रजी, आम्हाला मात्र तिसरीपासून, तेही दगडावर कोरलेलं. त्याचा तोटा असा की आमचं इंग्रजी फक्त मेलेल्या माणसांच्या उपयोगाचं होतं. नववीत मी निबंधात लिहिलं की दिवाळीनंतर माझे मामा पॅसेंजर गाडीने ‘डिपार्टेड धिस लाइफ’. मला वाटलं होतं की निघून गेले याला साहेब लोक असंच म्हणत असणार. सरांनी मला उभं करून वर्गाला दोन मिनिटं शांत राहायला सांगितलं. मीही शांत उभी राहिले. कशासाठी ते मला घरी गेल्यावर कळलं, आणि मामांना कळलं तेव्हा ते वर्षभर आमच्याकडे आले नाहीत.

प्रत्येकाची अभ्यासाची कबर ठरलेली असे. माझी होती मडम. एका मॅजिस्ट्रेटची बायको, लग्न करून इकडे आली आणि वर्षाच्या आत तेविसाव्या वर्षी गेली, एवढं दगडावर वाचता येत होतं. आडवी, गुळगुळीत, सकाळी अकरापर्यंत गार. बी.कॉम.पर्यंतचं माझं सगळं शिक्षण मडमच्या अंगावर झालं. अकाउंटन्सीचा पेपर अवघड गेला तेव्हा मी तिथेच जाऊन रडले. ती ऐकून घ्यायची, हा तिचा मोठा गुण होता.

आता भरिताचं सांगते. कॉलनीतली निम्मी माणसं जळगावकडची, केळी-कपाशीच्या गावांतून नोकरीसाठी आलेली. हिवाळा लागला की त्यांच्या जिभा वळवळायच्या. भरीत पार्टी म्हणजे शेतात व्हायला हवी. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात पांढरट हिरवी भली मोठी वांगी, धूर, आणि मोकळं आभाळ. आमच्यापैकी कुणाचं शेत धुळ्यात नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात अंगणात जाळ करून पाहिला, तर ओळीतल्या सगळ्या घरांचे डोळे लाल झाले. मग कुणीतरी भिंतीपलीकडे पाहिलं. तिथे आभाळ मोकळं होतं, झाडं होती, आणि बसायला जागोजागी दगडी ओटे होते.

कब्रस्तानाला एक म्हातारा राखणदार होता. आम्ही त्याला आबा म्हणायचो. तो शिंदखेड्याकडचा, बोलणं अस्सल अहिराणी. वडील भीतभीत परवानगी मागायला गेले. आबाने बराच विचार केला आणि एकच अट घातली. आधी साहेब लोकांचा वाटा काढायचा, आणि त्यात मिरची घालायची नाही.

“सायेब लोकस्ले तिखं चालत नही,” तो म्हणाला.

सगळ्यांना वाटा देणं काही शक्य नव्हतं, त्यात पोस्टमास्तरपासून कर्नलपर्यंत सगळे हुद्दे सांभाळावे लागले असते. म्हणून सर्वांच्या वतीने एकीला द्यायचं ठरलं, आणि माझ्या आग्रहामुळे ती मडम ठरली. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी चार वांगी वेगळी भाजायची, बडगीत, म्हणजे खोलगट लाकडी भांड्यात, मुसळाने वेगळी कुटायची, त्यात शेंगदाणे, पात, कोथिंबीर, लसूण सगळं घालायचं, मिरची तेवढी नाही, आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर ते फिक्कं भरीत आणि दोन पुऱ्या मडमच्या पायाशी ठेवून यायचं. मग कॉलनीने आपल्या भरितात साहेबांची कसर भरून काढायची. आमचं भरीत खाऊन कुणी डोळे पुसले नाहीत तर करणारीचा अपमान समजत.

असं सगळं छान चाललं होतं, आणि मग मी लग्नाची झाले.

पाहुणे यायचे. बसायचे, पोहे घ्यायचे, मला शिवण-टिपण विचारायचे. मग मुलाची आत्या किंवा मावशी घर कसं ठेवलंय ते बघायला स्वयंपाकघरात यायची, आणि नकटीशी तिची नजरानजर व्हायची. ती बाहेर जाऊन बरोबरच्या बाईच्या कानात बोलायची. पोह्यांचा चमचा वरच्या वर थांबायचा. आठवड्याभरात निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही. वडील चक्रावून जायचे, कारण त्यांनी पत्रिका दिलेलीच नसायची.

आईने उपाय सुरू केले. खिडकीवर पडदा, पडद्यावर कॅलेंडर, कॅलेंडरपुढे भांड्यांची मांडणी. वडिलांना खोटं बोलता येत नसे, पण खरं बोलण्याचीही त्यांची एक पद्धत होती. शेजारीपाजारी कोण, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, “शेजार अगदी शांत आहे. इतक्या वर्षांत आवाज नाही कुणाचा.” मला दोघांचाही राग यायचा. जिथे मी वाढले त्या जागेवर पांघरूण घालायचं, आणि तेही मला खपवण्यासाठी. मी चिडून म्हणायचे की असला भित्रा नवरा मला नकोच. पण आतून धास्ती वाटायला लागली होती. मी तेवीस वर्षांची झाले होते, मडमच्या बरोबरीची, आणि मडमचं तरी लग्न झालं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका हिवाळ्यात नशिराबादचं स्थळ आलं. मुलगा माध्यमिक शाळेत शिक्षक. मध्यस्थ मावशीने फोटो आणून दिला. कान मोठे होते, आणि फोटोग्राफरने गंभीर व्हायला सांगितल्यावर हसू दाबताना तो पकडला गेला होता. मी तो फोटो दोनदा बघितला, आणि आई नसताना आणखी बऱ्याचदा बघितला. या वेळी मात्र मला मनापासून वाटलं की हे जमावं. म्हणून आई खिडकीवर आणखी एक चादर ठोकत होती तेव्हा मी गुपचूप स्टूल धरून उभी राहिले.

पाहुणे पुढच्या रविवारी यायचे होते. या रविवारी भरीत होतं. टीव्हीवरची मालिका संपली, कॉलनीने दारं ओढून घेतली आणि वांगी, काड्या, परातींसकट भिंत ओलांडली. मी मडमचं पान ठेवून आले आणि कॉलनीचं भरीत कुटायला बसले. जुना ड्रेस, कमरेला गुंडाळलेली ओढणी, नाकावर काजळी, दोन्ही हातांत मुसळ, पुढ्यात बडगी. मिरचीच्या झणक्याने डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढ्यात भिंतीच्या खिंडारातून तीन माणसं आत येताना दिसली. त्यांतल्या एकाचे कान मी ओळखले.

झालं होतं असं, की मंडळी आदल्या दिवशी धुळ्यातच एका लग्नाला आली होती. पुन्हा कोण येतंय एवढ्या लांब, उरकूनच घेऊ, असं त्यांनी ठरवलं. मुलगा, त्याची आई आणि मुलाचे आजोबा, म्हणजे नाना. नानांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यावर हिरवी पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्यानेही फारसं दिसत नव्हतं. नाक मात्र शाबूत होतं. आमच्या बंद दारापुढे उभं असताना त्यांना भरिताचा वास आला, आणि मग त्यांना कुणी थांबवू शकलं नाही.

आईच्या हातातलं वांगं परातीत पडलं. वडील पुढे धावले आणि या, या म्हणाले. पुढे काय बोलावं ते सुचेना, तेव्हा त्यांच्या तोंडून सवयीचंच वाक्य निघालं. कर्नलच्या कबरीपाशी उभं राहून त्यांनी पाहुण्यांना सांगितलं की शेजार अगदी शांत आहे.

नाना तोवर एका कबरीवर ऐसपैस बसले होते. त्यांनी हाताने दगड चाचपला, पलीकडचा चाचपला, आणि खूश झाले. “मळा चांगला हाये,” ते म्हणाले. “ओटे बी बांधले जागोजाग. हुशार मानूस.”

 वडिलांना खोटं बोलता येत नसे, पण कुणी प्रश्नच विचारला नसेल तर गप्प बसायला ते तयार असत.

मुलाच्या आईला मात्र दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होतं. तिने नकटीकडे पाहिलं, दगडांच्या रांगांकडे पाहिलं, धुमसणाऱ्या जाळाकडे आणि माझ्या बडगीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. निघू या आपण, असं ती नानांना हळूच म्हणाली. पण शेजारच्या काकूंनी तोवर नानांपुढे पत्रावळ मांडून भरीत वाढलं होतं, आणि नानांनी पुरी मोडली होती. भरल्या पानावरून म्हाताऱ्या माणसाला कोण उठवणार? ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली. संपलं, मी मनात म्हटलं. काजळीचं तोंड तरी धुऊन यावं म्हणून मी उठले आणि आबाच्या खोलीजवळच्या नळाकडे निघाले. वाट मडमवरून होती.

मडमच्या कबरीला टेकून मुलगा बसला होता. पुढ्यात केळीचं पान, पानावरचं निम्मं भरीत संपलेलं, दुसरी पुरी हातात. मला बघून तो गडबडला, पण चेहऱ्यावरचा आनंद त्याला लपवता येईना.

“हे कुणी केलं?” त्याने विचारलं. “यात मिरची नाही.”

“ते साहेबांचं आहे,” मी म्हटलं.

“कुठल्या साहेबांचं?”

मी त्याच्या पाठीमागच्या दगडाकडे बोट केलं. त्याने वळून बघितलं. अक्षरं वाचली. शिक्षक असल्यामुळे पूर्ण वाचली. त्याच्या तोंडात घास होता. आता हा थुंकणार आणि पळणार, म्हणून मी बघत उभी राहिले. त्याने घास सावकाश चावला आणि गिळला. मग दगडाकडे बघून हात जोडले, आणि उरलेल्या पुरीबरोबर सगळं भरीत संपवलं.

तेव्हाच मी ठरवलं, की याच्याशी जमलं नाही तर मी कॉलनीला आग लावीन.

त्याने मग सगळं सांगितलं. त्याच्या पोटाला तिखट अजिबात सोसत नाही. लहानपणापासूनचं आहे. आमच्या भागात हे सांगायची सोय नाही, माणसं तोंडावर हसतात. आधीच्या मुलीकडे त्याने शेवभाजीचा रस्सा मुकाट्याने खाल्ला, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि मुलीकडच्यांना वाटलं की मुलगा लग्नाला तयार नाही, घरचे जबरदस्तीने आणताहेत. मी त्याला आमच्या खिडकीची हकिकत सांगितली. त्याच्या हसण्याने झाडावरचे कावळे उडाले. माझ्या नाकावरच्या काजळीबद्दल तो काही बोलला नाही, आणि मी पण नळावर जायचं विसरून गेले.

आम्ही परत आलो तेव्हा त्याची आई नानांना हात देऊन उठवत होती. तेवढ्यात मागून आबा आला. त्याच्या हातात रिकामं केळीचं पान होतं. एरवी मडमचा वाटा संध्याकाळपर्यंत कुत्री नाहीतर कावळे संपवायचे. इतकं चाटूनपुसून पान त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“कोनी खादं?” त्याने सगळ्यांना विचारलं.

 मुलगा पुढे झाला. “मी खाल्लं,” तो म्हणाला. “मला तिखट चालत नाही.”

 कुणी परात खाली ठेवेना, कुणी घास उचलेना. मुलाच्या आईने डोळे मिटून घेतले. मग वडील खाकरले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना वेळेवर खरं बोलायला सुचलं. “आमच्याकडे बिनमिरचीचं करायची सवय आहे,” ते म्हणाले. “दरवर्षी हीच करते.”

आबाने आपला न्याय दिला, की ज्याने खाल्लं त्यानेच आता दरवर्षी मडमचा वाटा घेऊन यायचं. “मडमना वाटा तू खादा. आते दरसाल तुले आठे येनं पडी, तिना वाटा लिसन.”

मडम कोण, हे नानांनी विचारलं. आता प्रश्नच आला म्हटल्यावर वडिलांनी सगळं सांगून टाकलं, मळा नाही, ओटे नाहीत, शेजार शांत का तेही. नानांनी बसल्या जागेवरचा दगड पुन्हा एकदा चाचपला. सगळी कॉलनी त्यांच्या हिरव्या पट्टीकडे बघत होती.

“मंग?” ते सुनेला म्हणाले. “आपल्याले सून न्यायची हाये, पलाट नाही घ्यायचा.” आणि त्यांनी आणखी भरीत मागितलं.

मुलाची आई निघाली. कळवतो, एवढंच म्हणाली. ते दिवस मी कसे काढले ते मडमलाच माहीत. मग मध्यस्थ मावशी निरोप घेऊन आली की पत्रिका बघायची नाही, थेट तारीख काढा. आईने त्या दिवशी खिडकीवरची चादर, कॅलेंडर, पडदा सगळं उपटून काढलं आणि नकटीला बातमी दिली.

लग्नानंतर नशिराबादला गेले. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि मला जवळ बोलावलं. चुलीमागे झाकून ठेवलेलं एक लहान पातेलं त्यांनी दाखवलं. त्यात त्याची फिक्की भाजी असायची. इतकी वर्षं त्या ती चोरून करत आल्या होत्या. पंगतीत आपल्या मुलाला लोक हसतील या भीतीने त्यांनी कित्येक लग्नांत त्याला ताप आलाय म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, ते मला कब्रस्तानातच कळलं. आणि तुम्ही तिथून पळायला निघाला होता, कबरींना घाबरून.

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं.

“मेलेल्या मानसाले काय भ्यायचं?” त्या म्हणाल्या. “तुझ्यापुढे बडगी पाह्यली. मले वाटलं, आता याले तिखट वाढतीन.”

मी इतकी हसले की त्यांनाही हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. इतकी वर्षं ज्या कबरींवर आम्ही पडदे टाकत होतो त्यांचं या बाईला काहीच वाटलं नव्हतं. मला तेव्हा त्यांचा फार लळा लागला, तो पुढे कधी कमी झाला नाही. पातेलं त्या दिवसापासून चुलीच्या पुढे आलं. कुणी विचारलं की सासूबाई ठसक्यात सांगायच्या, हे साहेबांचं आहे.

पुढच्या हिवाळ्यात सासूबाई, तो आणि मी, आम्ही तिघं वांगी घेऊन धुळ्याला गेलो. आबाने फाटक उघडून धरलं होतं. मी मडमचं पान वाढायला घेतलं तेव्हा सासूबाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. वय किती होतं गं पोरीचं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आई-बाप इकडेच होते का, हेही विचारलं. नाही म्हटल्यावर त्या कबरीपाशी उकिडव्या बसल्या, पान ठेवलं, त्यावर आणखी एक पुरी ठेवली, आणि दगडावरची पानं हाताने झाडली.

“खाय माय,” त्या हळूच म्हणाल्या. “तिखट नाही टाकलं. लाजू नको.”